हेघेकाकीच्या सहा गोळ्या

हेघेकाकीच्या हातात कुठलीही वस्तू टिकत नसे. कुणी काही दिलं की ती दोन्ही हातांनी घेई, कपाळाला लावी आणि समोर जो कोणी उभा असेल त्याच्या हातात ठेवून म्हणे, "हे घे." एका दिवाळीत मी तिला डबा भरून चकल्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तोच डबा, त्याच चकल्या, चार घरं फिरून माझ्याच दारात आल्या. आणणाऱ्या बाईला त्या कुठून निघाल्या याचा पत्ता नव्हता. मी एक खाऊन पाहिली. माझीच होती; मोहन जरा जास्त झालं होतं.

तिचं खरं नाव सुमन. पण बोईसरजवळच्या कुंभवलीत तिला त्या नावाने ओळखणारे दोनच, एक मतदार यादी आणि दुसरं माझ्या लॅबचं रजिस्टर. मी बोईसरला रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवते. मूळची खानदेशातली, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले आणि इथलीच झाले. आमच्याकडे शेतातलं पहिलंवहिलं काही निघालं की चार घरी पोचवतात, त्याला वानोळा म्हणतात. पण वानोळ्याला हंगाम असतो. काकीला हंगाम नव्हता. तिच्या वाडीला एका बाजूने कारखान्याची भिंत लागलेली, तरी आत आठ-दहा चिकू, शेवगा, अळू आणि तोंडलीचा मांडव असं सगळं उभं होतं, आणि त्यातलं तिच्या स्वतःच्या घरी काय शिजायचं ते देवालाच ठाऊक. ती पहिल्यांदा लॅबमध्ये आली ती नवऱ्याची साखर तपासायला. जाताना मला शेवग्याच्या शेंगा दिल्या. मी तिला लॅबचं कॅलेंडर दिलं. ते तिने जिना उतरताच रिक्षावाल्याला दिलं. मी खिडकीतून बघत होते.

तिचं म्हणणं असे, "ठेवलं ते सडलं, दिलं ते रुजलं."

"काकी, त्यासाठी फ्रिज असतो," मी एकदा म्हटलं.

"फ्रिजात सडायला येळ लागतो गो, एवढंच."

तिची सून दीपा या स्वभावापायी हैराण होती. नवा मिक्सर आणला तेव्हा तिने दुकानातच त्याच्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. गल्लीत आणखी एक दीपा राहत होती. काकीने मिक्सर तिला दिला. "नाव बगून दिला," असं वर सांगितलं. दोन्ही दीपा आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि काकी दोघींकडे चिकू पोचवत होती.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसली. मी सवयीने टेबलावर जागा केली, कारण ती आली की टेबलावर काहीतरी आदळतंच. काही आदळलं नाही. मी तिच्या हातांकडे पाहिलं. रिकामे. मग तिच्याकडे पाहिलं. केस विंचरलेले नव्हते, गाल आत गेले होते, आणि ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.

"काय झालंय काकी?"

"डोकं दुखतंय गो सुईवाले." मी रक्त काढते म्हणून ती मला सुईवाली म्हणे. "महिना झाला. इथं, कानशिलाला. फणी लावली तरी ओरडावंसं वाटतं. उशीवर डोकं टेकवत नाय."

महिनाभर सगळ्या कुंभवलीने तिच्यावर उपचार केले होते. तिने जन्मभर वाटलं, आता लोकांची पाळी होती. शेजारच्या हिराबायने सुंठीचा लेप दिला. समोरच्या रंजनाने चष्म्याचा नंबर बदलायला लावला. कुणी दृष्ट काढली. चावताना जबडा दुखतो म्हणाली तर तिच्या मुलाने, नितीनने, दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एक दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. सकाळी हात वर होत नव्हते म्हणून दोरीवर कपडे दीपा टाकत होती. अंगात कणकण होती, आणि जेवणात फक्त पेज. सुका बोंबील भाजून कडाकडा चावणारी बाई पेज पितेय हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

मी रक्त घेतलं आणि ईएसआर लावला. ही फार साधी तपासणी आहे. काचेच्या उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते पाहायचं. शरीरात कुठे तरी मोठी सूज असली की त्या भराभर बसतात. काकीच्या वयाला तीसपर्यंत मी खपवून घेतलं असतं. आकडा आला एकशे अठरा. मला वाटलं नळी तिरकी राहिली असेल. पुन्हा लावला. एकशे अठरा. माझी नळी खोटं बोलत नाही आणि दोनदा तर नाहीच.

इतका आकडा दिसला की आपल्याकडे पहिल्यांदा टीबीचं नाव निघतं. तेही चुकीचं नाही. पण ना खोकला, ना कफ, आणि त्याच महिन्यात काढलेला छातीचा फोटो स्वच्छ. मी नितीनला सांगितलं, उद्यावर टाकू नकोस, पालघरच्या मोठ्या डॉक्टरांकडे ने. तो म्हणाला कारखान्यात दुसरी पाळी आहे. मग मीच लॅबला कुलूप लावलं आणि नेलं.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी रिपोर्ट नंतर वाचला. आधी दोन बोटं काकीच्या कानशिलावर ठेवली आणि शीर चाचपली. ती दोरीसारखी टणक लागत होती. त्यांनी विचारलं, "चावायला लागलं की जबडा दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं होतं का?"

काकी माझ्याकडे वळली. "तू सांगितलंस?"

मी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सूज आलीय. इंग्रजी नाव लांबलचक होतं, जायंट सेल आर्टेरायटिस. काकीने ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"म्हंजे पाइपात कचरा अडकला?" तिच्या वाडीत ठिबकचे काळे पाइप होते, तिला तेवढं शास्त्र पुरेसं होतं.

"कचरा नाही. पाइपच सुजलाय. बाहेरून जाड, आतून बारीक. पाणी पोचत नाही."

"मग झाड सुकतं."

"बरोबर. डोक्याच्या कातडीला रक्त कमी, म्हणून फणी लागते. जबड्याला कमी, म्हणून चावताना दुखतं. आणि डोळ्याला जाणारा पाइप याच लाइनवर आहे. तो बंद झाला तर डोळा जातो. एका दिवसात जातो आणि परत येत नाही. म्हणून गोळ्या आजपासून. तपासण्या मागाहून."

स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज सकाळी नाश्त्यानंतर सहा. एकदम बंद करायच्या नाहीत. नंतर तेच हळूहळू कमी करणार होते. पुढच्या आठवड्यात खात्री करायला कानशिलाच्या शिरेचा शेवयाएवढा तुकडा काढला. काकी टेबलावर पडल्या पडल्या विचारत होती, "तो तुकडा मग कोणाला देणार?" सर्जन हसून थांबले, म्हणाले, आजी, हलू नका. तुकड्यात सूज सापडली.

पण ते नंतर. गोळ्या सुरू झाल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दीपाचा मला फोन आला. "ताई, आईंना आवरा."

डोकेदुखी पळाली होती. जबडा मोकळा झाला होता. इतकं ठीक होतं. पण स्टेरॉइड जास्त मात्रेत पोटात गेलं की काही माणसांना पंख फुटतात, आणि काकी मुळातच जमिनीला जेमतेम टेकलेली. तिने पहाटेपासून सगळी वाडी झाडली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला निळा रंग लावला होता आणि रंग उरला म्हणून एका कोंबडीलाही. नाश्त्याला सात भाकऱ्या खाल्ल्या होत्या. भजनी मंडळात तिला झांजही देत नसत, तिथे जाऊन तिने तीन अभंग स्वतः म्हटले आणि चौथा पेटीवाल्याने पळ काढल्यामुळे राहिला. त्याच आठवड्यात ती एकटी पालघरला जाऊन आली. का, तर पालघर जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली आणि तिने दवाखान्यापलीकडे जिल्हा पाहिला नव्हता. कलेक्टर ऑफिसात एकूण एक खोलीत डोकावून, दिसेल त्याला चिकू देऊन परत आली.

"कसा वाटला जिल्हा?" मी विचारलं.

"खोल्या लय हायत. माणसं दमलेली हायत. एकाला चिकू सोलून दिला तेवा उठून बसला."

पहिल्या दोन आठवड्यांत तिचा आकडा एकशे अठरावरून चाळिसावर आला. मी आयुष्यात फार वेळा आनंदाने उडी मारलेली नाही, त्या दिवशी रिपोर्ट छापताना अर्धी मारली. चेहरा गोल गरगरीत झाला होता, त्याबद्दल ती खूश होती. "लग्नात असा असता तर सासू गप बसली असती." साखर थोडी चढली होती, त्यावर डॉक्टरांचं लक्ष होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, म्हणून मी जरा सैल झाले.

चौथ्या आठवड्यात मी पुन्हा रक्त घेतलं. आकडा बहात्तर. चाळीसवरून बहात्तर! त्याच आठवड्यातल्या गुरुवारी हिराबाय तिच्या महिन्याच्या साखरेला आली. ही बाई गुडघ्यांमुळे माझा जिना एकेक पायरी बसत बसत चढायची. त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली आणि खुर्चीत न बसता म्हणाली, "काड रक्त, मना पळायचं हाय." उपाशीपोटी साखर दोनशे नव्वद. दरमहा ती एकशे चाळीसच्या पुढे जात नसे. मी काही विचारायच्या आत ती खाली पोचली होती. दुपारी रंजना आली, तिला कधी साखर नव्हतीच. ती म्हणाली, खूप तहान लागतेय पण अंग कसं पिसासारखं झालंय, सहज तपासू. जेवणानंतरची दोनशे चाळीस.

मी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. काकीची सूज चढते आहे. हिराबायची आणि रंजनाची साखर चढते आहे. तिघींची दारं एकमेकींसमोर. माझं डोकं हळू चालत असलं तरी चालतं. मी स्कूटी काढली.

कुंभवलीला त्यांच्या गल्लीत शिरले तर पाय ठेवायला जागा नव्हती. पापड. खाटांवर पापड, पत्र्यावर पापड, कुंपणावर साडी पसरून तिच्यावर पापड, रंजनाच्या नवऱ्याच्या व्हॅनच्या बोनेटवर आणि टपावरही पापड. मधोमध तीन बायका, तिघींची वयं मिळून दोनशेच्या आसपास, लाटणी आपटत लग्नातला धवला गात होत्या.

"लग्न कुणाचं?" मी ओरडून विचारलं.

"कोणाचंच नाय!" हिराबाय ओरडली. "सूर लागला!"

मी स्कूटी स्टँडवर लावली. "काकी, सकाळी किती गोळ्या घेतल्या?"

गाणं थांबलं. हिराबाय पापड लाटू लागली, तो आधीच लाटलेला होता.

"घेतल्या की," काकी म्हणाली.

"किती?"

"तीन."

"डॉक्टरांनी सहा सांगितल्यात. बाकीच्या तीन?"

काकीने मोठ्या समाधानाने सांगितलं. तिला पहिल्या दोन आठवड्यांत इतका गुण आला, की इतकं चांगलं औषध सहाच्या सहा एकट्या बाईने खायचं हे तिच्या मनाला पटेना. "हावरटपणा झाला तो." समोर रंजनाची कंबर दुखते, शेजारी हिराचे गुडघे. म्हणून रोज नाश्त्यानंतर ती गोळ्यांची पट्टी घेऊन बाहेर यायची. रंजनाला एक, हिराला दोन.

"हिराबायला दोन का?"

"गुडगे दोन हायत ना," हिराबाय म्हणाली.

मला हसू येत होतं आणि संतापही. मी तिघींना एकदमच झापलं. हिराबायला सांगितलं, तुझी साखर तीनशेला टेकलीय. रंजनाला सांगितलं, तुझी कंबर बरी झाली नाही, नुसती दुखायची थांबली. तोंडाने हे चाललं होतं तेव्हा माझं लक्ष काकीकडे गेलं. ती डावा डोळा चोळत होती.

"डोळ्याला काय झालं?"

"काय नाय. धूर गेला असंल. सकाळपास्नं मदेच पडदा पडतो, मदेच उटतो. मगाशी रंजनाचं डोकं दिसत होतं, पाय दिसत नव्हते."

पापड उन्हात वाळत होते. गल्लीत कुठेही धूर नव्हता.

मी पुढे होऊन माझा तळवा तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि दुसरा हात तिच्या कपाळाच्या उंचीला धरला. "किती बोटं?"

"तीन."

हात खाली हनुवटीपाशी आणला. "आता?"

"आता काय? हात काडलास ना?"

"काढला नाही काकी. इथेच आहे."

तिने हात पुढे करून माझी बोटं चाचपली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक वाक्य ऐकलं आणि म्हणाले, राहिलेल्या तीन आत्ता द्या आणि ताबडतोब घेऊन या, वाटेत कुठे थांबू नका.

घरातली पट्टी संपली होती. वाटून का होईना, रोज सहा जातच होत्या. दीपा नवी आणायला बोईसरला गेली होती. रंजनाने तिची सकाळीच गिळली होती. तेवढ्यात हिराबायने पदराची गाठ सोडली. आजच्या दोन गोळ्या तिने रात्री जेवणानंतर घ्यायच्या म्हणून बांधून ठेवल्या होत्या. दोन्ही तिने काकीपुढे धरल्या. "घे गो. मना नको."

काकीने हात मागे घेतला. "दिलेलं परत घेत नाय मी."

"अगो डोळा जाईल!" हिराबाय रडायला लागली.

"जाऊ दे. दिलं ते दिलं. आजवर कोणाकडनं परत नाय घेतलं, आता म्हातारपणी घेऊ?"

आणि ती खरंच घेईना. तोंड मिटून बसली. डोळ्यातला पाइप मिनिटामिनिटाला बंद होत होता आणि ही बाई रीत सांभाळत होती. मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. थोबाडीत मारून गोळी गिळवता येत नाही, म्हणून मी दुसरा मार्ग काढला. "हिराबाय, त्या गोळ्या मला दे." तिने दिल्या. "माझ्या झाल्या?"

"झाल्या."

"मग काकी, ह्या माझ्या आहेत. मी तुम्हाला देतेय. नाही म्हणालात तर माझा अपमान."

काकीने माझ्याकडे, मग गोळ्यांकडे पाहिलं. हे तिच्या कायद्यात बसत होतं. तिने दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या. मग सवयीने हात रंजनाकडे वळायला लागला.

"तोंडात!" आम्ही तिघी एकदम किंचाळलो.

गिळल्या एकदाच्या.

रंजनाचा नवरा तिसरी पाळी करून झोपला होता. तिने त्याला लुंगीवरच उठवून व्हॅनमध्ये बसवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "पापड काढू का?"

"पापड राहू दे!" रंजना म्हणाली.

मग आम्ही निघालो. मी, काकी आणि 'आमी पण येणार' म्हणून चढलेल्या दोघी. बोईसर-पालघर रस्त्यावर टपावरचे पापड एकेक करून उडत होते. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, "अरे भाई, पापड गिर रहा है!" आणि हिराबाय एका डोळ्याने रडत आणि स्टेरॉइडच्या जोरावर खिदळत त्याला हात करत होती. मी अख्ख्या रस्त्याने काकीचा उजवा डोळा झाकत होते आणि विचारत होते, दिसतं का? काय दिसतं? ती सांगत होती. सुरुवातीला सीटची वरची कड, मग ड्रायव्हरचे केस. पालघर आलं तेव्हा म्हणाली, "वरचं दिसतंय. खालचं गेलं वाटतं गो."

तीन दिवस शिरेतून औषध चढवलं. त्या तीन दिवसांत तिने वॉर्डातला स्वतःचा चहा, बिस्किटं आणि एक उशी शेजारच्या खाटांना दिली. सलाईनला फक्त हात लावू दिला नाही, कारण मी तिथे बसले होते. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते सरळ होतं. उजवा डोळा वाचला. डाव्याचा खालचा अर्धा भाग गेला, तो परत यायचा नाही.

"म्हंजे अर्धा गेला," काकी म्हणाली.

"दोनातला अर्धा. दीड राहिले."

"लय राहिले."

हिराबाय आणि रंजनाची साखर गोळ्या बंद झाल्यावर उतरत गेली. दोघींचा उत्साहही उतरला. पुढचा आठवडाभर गल्लीत इतकी मरगळ होती की दीपा म्हणाली, ताई, थोडं काही देता येतं का त्यांना?

त्यानंतर दोघींनी पहारा सुरू केला. रोज नाश्त्यानंतर एकीने पट्टी फोडायची, दुसरीने काकीसमोर उभं राहायचं. काकीने गिळायचं, जीभ बाहेर काढायची, मगच सुट्टी. सहाच्या पाच झाल्या, पाचाच्या चार. दीड वर्षाने अर्धी गोळी उरली. "घरात पोलीस बसवलेत माझ्या," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पण रोज सकाळी पोलिसांना चहा करून ठेवी.

मी भावनाविवश होणारी बाई नाही. मला या सगळ्यातून एकच गोष्ट हाती लागली, आणि ती मी वापरते. साठीच्या आसपासचं कुणीही डोकेदुखी घेऊन माझ्या खिडकीपाशी आलं की मी विचारते, फणी दुखते का? चावताना जबडा थकतो का? लोकांना वाटतं बाई येडी आहे. रक्त काढायला आलो आणि ही फणीचं विचारते. शंभरांतले नव्याण्णव 'नाही' म्हणतात. मनोरहून आलेले एसटीचे एक निवृत्त कंडक्टर मात्र म्हणाले, "फणीचं सोडा, केस नाहीत. पण टोपी दुखते. आणि बाई, भाकरी अर्ध्यावर थांबवावी लागते." मी नळी लावली, आकडा पाहिला आणि त्यांना त्याच दिवशी पालघरला पिटाळलं. त्यांचे दोन्ही डोळे शाबूत राहिले.

काकी गेल्या पावसाळ्यानंतर गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. डोळ्यांशी त्याचा संबंध नव्हता. गल्लीतलं कुणी तरी 'त्या गोळ्यांमुळे' म्हणालं, त्याला मी तिथल्या तिथे गप्प केलं. तिच्या कपाटात दीपाला दोन साड्या सापडल्या. बाकी कपाट रिकामं होतं.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात कंडक्टरांचा किस्सा मी तिला, त्यांना विचारून, सांगितला होता. ती हट्टाला पेटली. "मना बगायचा हाय तो माणूस." शेवटी एका दुपारी दोघांना लॅबमध्ये बोलावलं. काकीने त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं, हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे नीट तपासले, बाजारात मासा घेताना बघावं तसे.

"माजा अर्धा गेला तवा हिला अक्कल आली," तिने माझ्याकडे बोट करून त्यांना सांगितलं. "अर्ध्यात दोन वाचले. स्वस्त पडलं."

कंडक्टर बिचारे हात जोडून बसले होते. काकीने टेबलावरचा पेपर त्यांच्या पुढ्यात टाकला. "डावा झाका. वाचा."

त्यांनी वाचलं. तीस वर्षं गाडीत ओरडलेला आवाज. लॅबच्या काचा हलल्या.

"आता उजवा झाका. वाचा."

पुन्हा वाचलं. हवामान, राशिभविष्य, हरवलेल्या कागदपत्रांची जाहीर नोटीस. काकी मान डोलवत ऐकत होती, एकही ओळ गाळू देत नव्हती. शेवटच्या पानावरची छापखान्याची ओळसुद्धा वाचून झाली तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "संपला, काकी."

"तो बोर्ड राहिला की."

त्यांनी खुर्ची वळवली, एक डोळा झाकला आणि भिंतीकडे बघून खणखणीत आवाजात ललकारी दिली, "लघवीचे नमुने खिडकीत ठेवावेत! झाकण घट्ट लावावे!" बाहेर बसलेले दोघे जण दचकून उठले आणि आपापली बाटली घेऊन आत आले. काकी हसता हसता खुर्चीतून घसरायला आली होती. मी तिचा दंड धरला. डोळे पुसत ती त्यांना म्हणाली, "आता दुसऱ्या डोळ्यानं."